पहिल्यांदाच रेल्वेनं चीनले जात असशीन तर

भाऊ, एकदम रशियातली मॉस्को-व्लादिवोस्तोक गाडी डोक्यात घेऊ नको, ९२८९ किलोमीटर हाय ते, आठवडाभर गाडीतच, नवख्या माणसाले लय होते. तू विमानानं बँकॉक गाठ, आपल्याकडून तिकडं रूळच जोडलेले नाहीत. तिथून रात्रीच्या गाडीनं लाओसची राजधानी व्हिएन्टिन, मीटरगेज हाय, आपल्या विदर्भातल्या शकुंतला रेल्वेपेक्षा रुंद. मंग स्टेशन बदला लागते, कारण चीनची लाईन वेगळी, रुळांची रुंदी १४३५ मिलिमीटर, डिसेंबर २०२१ मधे सुरू झालेली, चीनमधल्या कुनमिंगपर्यंत हजारेक किलोमीटर. सरहद्दीवर बोतेन स्टेशनले लाओसचा शिक्का न् मोहानले चीनचा, दोन्हीकडं सगळं सामान घेऊन उतरा लागते, म्हणून बॅग एकच ठेव. व्हिसा घरूनच काढून जाय.

चाकू, स्प्रे काहीच नेऊ नको. माह्या बाबाचा पितळी अडकित्ता तिकडच्या एका स्टेशनावर चेकिंगमधे काढून घेतला, अजून जीव हळहळते.

खायचं मात्र सांगतो, चीनच्या गाडीत उकळतं पाणी फुकट भेटते, म्हणून घरूनच फोडणी देऊन भाजलेला बारीक रवा ने, मीठ, कढीपत्ता टाकलेला, स्टीलच्या डब्यात दोन मुठी घे, पाणी ओत, झाकण लाव, दहा मिनिटात मोकळा उपमा होते, आन् समोरचा चिनी माणूस पाहत असला तर त्यालेबी दे.