कडकनाथची पिल्ले: अस्सलपणा आणि नर-मादी

प्रश्न: कडकनाथ म्हणून घेतलेली 30 पिल्ले आठवड्याची झाली आहेत. काहींचे पाय काळे, काहींचे करडे आहेत. ती अस्सल आहेत का, आणि नर-मादी आत्ताच ओळखता येतील का?

उत्तर: मध्य प्रदेशातील झाबुआ भागातल्या या जातीचा काळेपणा पिसांपुरता नसतो, तो कातडी, जीभ आणि मांसापर्यंत पोचलेला असतो. म्हणून चोच हलकेच उघडून जीभ पाहावी आणि पोटावरची लव सारून कातडी तपासावी. गुलाबी कातडी आणि पिवळे पाय असलेले पिल्लू संकरित समजावे. मात्र हा काळेपणा आनुवंशिकतेत प्रभावी असल्याने संकरित पिल्लेही काळी निघू शकतात. त्यामुळे मूळ कळप पाहिल्याशिवाय शुद्धतेची खात्री धरू नये.

नर-मादीसाठी थांबावे लागेल. पंखांच्या पिसांवरून होणारी पारख त्यासाठी मुद्दाम जुळवलेल्या वाणांतच चालते. विष्ठाद्वार तपासण्याची जपानमध्ये विकसित झालेली पद्धत पिल्लू एक दिवसाचे असतानाच आणि तरबेज हातांनीच करायची असते. कृपया ती घरी करून पाहू नका, कोवळ्या पिल्लाला इजा होते. टोकदार अंड्यातून नर निघतो, या समजुतीलाही आधार नाही.

सहा ते आठ आठवड्यांनी नराचा तुरा मोठा दिसू लागतो. इतर जातींत त्याची लाली मदतीला येते, कडकनाथमध्ये तुराच काळपट असल्याने आकारच पाहावा. तीन महिन्यांच्या सुमारास नराच्या मानेवर व शेपटीलगत अरुंद, टोकदार, चकाकती पिसे येतात, तर तलंगेची (तरुण मादीची) पिसे गोलसर राहतात.