ठाण्याचे आकडे शोधताना
ठाणे जिल्ह्यावर प्रबंध म्हणजे पहिला खड्डा ठरलेला: १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेतली १ कोटी १० लाख लोकसंख्या अखंड जिल्ह्याची आहे, ती आजच्या ठाण्याला चिकटवू नका. मी चिकटवली होती. गाईडनी प्रकरणच परत केलं!

सुरुवातीला दोनच गोष्टी पुरेत:
- राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन
- अर्थसंकल्पाच्या तोंडावर येणारी राज्याची आर्थिक पाहणी

बातमीतला आकडा उचलू नका, मूळ तक्ता गाठा. आधी तळटीप वाचा. २००४-०५ आणि २०११-१२ या आधारवर्षांच्या (ज्या वर्षाच्या किमती धरून उत्पन्न मोजतात, ते वर्ष) उत्पन्नाच्या मालिका सरळ जोडायच्या नाहीत. फाइलच्या नावात डाउनलोडची तारीख टाका, कारण आकडे मागाहून सुधारले जातात. अर्थमितीचं, म्हणजे संख्याशास्त्राने आर्थिक संबंध तपासण्याचं, नंतर बघू.