'अपसायकलिंग'ला मराठीत काय म्हणावे?

बंद पडलेल्या कारखान्यांचे परिसर रहिवासीच जुन्या सामानातून पुन्हा उभे करतात, त्याविषयीच्या एका अनुवादात 'अपसायकलिंग'साठी (जुन्या वस्तूचे मोल वाढवून ती पुन्हा वापरण्यासाठी) 'पुनर्चक्रीकरण' आणि परिसराच्या बदलासाठी 'पुनर्विकास' चालेल का, आणि हा बदल 'लोकसहभागातून' झाला असे लिहावे का, असा प्रश्न आला आहे.

माझ्या मते पहिले दोन्ही शब्द चालणार नाहीत. 'पुनर्चक्रीकरण' (संधिनियमाने 'पुनश्चक्रीकरण' हवे, पण तो वाद येथे नको) म्हणजे वस्तू मोडून किंवा वितळवून तिचा पुन्हा कच्चा माल करणे. नेमक्या याच प्रक्रियेवरच्या नाराजीतून १९९४ साली जर्मन अभियंते रायनर पिल्झ यांनी एका मुलाखतीत, विटा फोडून टाकणाऱ्या रिसायकलिंगला 'डाउनसायकलिंग' म्हटले आणि जुन्या वस्तूचे मोल वाढवणारे 'अपसायकलिंग' हवे, असे सांगितले. त्यामुळे 'पुनर्चक्रीकरण' वापरल्यास अर्थ उलटाच होतो.

'टाकाऊतून टिकाऊ' हा प्रयोग सर्वांना कळतो आणि वस्तूपुरता उत्तम आहे. मात्र त्यातला 'टिकाऊ' वस्तू किती काळ पुरेल एवढेच सांगतो, मोल वाढल्याचे सांगत नाही. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये जहाजबांधणीच्या एका जुन्या आवारात निकामी हाउसबोटी जमिनीवर आणून त्यांची कार्यालये केली आणि प्रदूषित माती शुद्ध करण्यासाठी भोवती वनस्पती लावल्या, तेथे तो अपुरा पडतो. अशा ठिकाणी 'मूल्यवर्धक पुनर्वापर' म्हणावे. शब्द जड आहे, पण नेमका आहे.

गंमत अशी की इंग्रजी 'अप'मधला वर उचलण्याचा भाव आपल्या 'उद्' या उपसर्गात आधीपासून आहे. 'जीर्णोद्धारा'तला 'उद्धार' म्हणजे वर काढणेच. पण जीर्णोद्धारात वास्तूला मूळचे रूप आणि मूळचे काम परत मिळणे अपेक्षित असते. जर्मनीतील डुइसबर्ग येथे १९८५ साली बंद झालेल्या लोखंडाच्या कारखान्याचे उद्यान झाले आणि त्याच्या वायुटाकीत आता पाणी भरून पाणबुडे सराव करतात. याला जीर्णोद्धार म्हणता येणार नाही. 'पुनर्विकास' म्हटले की जुने पाडून नवे बांधणे डोळ्यांपुढे येते, आणि तेथे तर नागरिकांनी पाडकामालाच विरोध केला होता. परिसरासाठी म्हणून 'पुनरुज्जीवन' घ्यावे: त्यातही 'उद्' आहे, आणि पूर्वीचेच काम पुन्हा सुरू व्हावे अशी अट नाही.

राहिला 'लोकसहभागातून' हा शब्द. सहभागात पुढे दुसरेच कोणी असते. रहिवासीच पुढे असतील, तर 'रहिवाशांच्या पुढाकाराने झालेले पुनरुज्जीवन' असे लिहावे.