भर बाजारात गर्भपाताचं सेंटर नको म्हणून दुकानदार सह्या घेताहेत, मी सही करू का?

नका करू भाऊ. मी जळगाव जिल्ह्यात एका मॅटर्निटी होममध्ये सिस्टर आहे, बरीच वर्षं हेच काम करतेय, म्हणून सांगावंसं वाटलं.

तुम्ही लिहिलंय की तुमच्याच लाइनीत कुटुंबनियोजन आणि गर्भपाताचं सेंटर उघडतंय आणि व्यापारी मंडळी तहसीलदारांना निवेदन देणार आहेत. त्यांचं म्हणणं एक तर तिथे पोटातल्या मुली मारतील, आणि दुसरं म्हणजे लेकीबाळी फिरतात तिथे असलं काही नको, पाहिजे तर बायपासला काढा.

पहिलं म्हणणं मी उडवून लावणार नाही. २०११ च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८४२ मुली निघाल्या होत्या, ते आठवलं की अजून पोटात कालवतं. पण मुलगी आहे हे कळतं सोनोग्राफीत, आणि ते बघणं-सांगणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. गर्भपाताचा कायदा वेगळा, १९७१ चा, त्यातल्या अटी पाळून गर्भपात कायदेशीर आहे. लोक दोन्हीची खिचडी करतात. गोळ्यांनी गर्भपात करायचा तो नऊ आठवड्यांपर्यंत, तेव्हा सोनोग्राफीत मुलगा की मुलगी दिसतसुद्धा नाही. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणी याच टप्प्यावर येतात, लग्न झालेल्या, एक पोर कडेवर एक बोटाला, धाकटं अजून अंगावर पितंय आणि परत दिवस राहिलेत, तांबी बसवायची होती तर घरातून नको म्हटलं.

खरंच मुलींची काळजी असेल तर सेंटरमध्ये जाऊन बघा, मंजुरीचं सर्टिफिकेट समोर दिसेल असं लावलंय का, सोनोग्राफी मशीन असेल तर त्याची नोंदणी आहे का, इथे गर्भलिंग तपासणी होत नाही हा मराठी बोर्ड आहे का. शंका आली तर सिव्हिल सर्जनकडे लेखी तक्रार द्या. आणि हे गावातल्या सगळ्याच सोनोग्राफी सेंटरांना लागू आहे, त्यांच्याविरुद्ध का नाही कोणी सह्या घेत?

आता बायपासचं. मला विचाराल तर यातच खरं नुकसान आहे. बाई बाजारात शंभर कामांनी येते, कुणी विचारत नाही. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी गर्दी असते ती त्यामुळेच, पिशवीत वर मेथीची जुडी, कोथिंबीर, आणि खाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फाईल. तीच बाई बायपासला रिक्षातून उतरली की रिक्षावाल्यापासून टपरीवाल्यापर्यंत सगळ्यांना कळतं कुठे आली. मग ती येतच नाही. कोणाकरवी तरी गोळ्या मागवते, नाहीतर बहिणीकडे जाते सांगून सुरतची गाडी धरते, तेही पैसे असले तर.

तापीकाठच्या एका खेड्यातून अशीच एक आली होती, काळीपिवळीच्या मागच्या सीटवर आडवी. लुगडं भिजलेलं, आणि गोळ्यांची रिकामी स्ट्रिप पदराला गाठ मारून बांधलेली, कारण डॉक्टर विचारतील हे तिला माहीत होतं, पण किती आठवडे झालेत हे कोणी तिला विचारलंच नव्हतं. एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, फक्त पाच. पिशवी साफ करावी लागली, रक्त चढवलं तेव्हा वाचली. आई सोबत होती, ती पोरीकडे बघायचं सोडून मलाच सारखी म्हणे, "माय वं, लोके काय म्हनतीन."

कायद्याचं थोडक्यात सांगते. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २०२१ च्या सुधारणेनंतर काही ठराविक कारणांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने चोवीस आठवड्यांपर्यंत करता येतो. बाई अठराच्या वर असेल तर संमती फक्त तिची, नवऱ्याची सही कायद्यात नाही, तरी कितीतरी दवाखाने मागतात आणि मला ते साफ चूक वाटतं. लग्न न झालेल्यांनाही हाच हक्क आहे, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. आणि डॉक्टरने तिचं नाव फोडलं तर वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कायदा तिची गुप्तता एवढी जपतो आणि आपण तिला उघड्यावर बायपासला पाठवायला निघालोय.

शिवाय बोर्डावरचा गर्भपात शब्द सगळे वाचतात, कुटुंबनियोजन कोणी वाचत नाही. तांबी, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन, छाया गोळ्या हे वेळेवर आणि नीट समजावून मिळालं तर गर्भपाताची वेळच कितीतरी जणींवर येणार नाही. र. धों. कर्वेंनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी त्यांना कॉलेजातली प्राध्यापकी सोडावी लागली, आणि शंभर वर्षांनंतर आपण तोच विरोध नव्याने करतोय याचा मला फार त्रास होतो.

मंडळींशी भांडू नका, रोजचा धंदा त्यांच्यासोबतच आहे. सर्टिफिकेट बघायला चला म्हणा, दोघं-तिघं तरी येतील. पण कोणी दारासमोर उभं राहून येणाऱ्या बायकांचे मोबाईलवर व्हिडिओ काढायला लागलं तर मात्र गप्प बसू नका, तुम्ही शेजारचे दुकानदार, तुमचं ऐकतील, आणि नाहीच ऐकलं तर सरळ ११२ ला फोन लावा.