सोप ऑपेरातला 'सोप' नेमका कुणाचा?

प्रश्न तीन पदरी आहे. रोजच्या मालिकेला 'डेली सोप' का म्हणतात, त्यात कळायला 'सोपं' असं काही आहे का? मूळ शब्द 'सोप ऑपेरा' असेल तर ऑपेरा म्हणजे संगीत नाटक, मग त्यातलं गाणं कुठे गेलं? आणि मराठीत 'तो सोप' म्हणायचं की 'ती सोप'?

'सोपं'शी काही नातं नाही. व्युत्पत्ती गोड आहे, काही मालिका बघता पटण्यासारखीही आहे, पण सोप म्हणजे साबणच. इथवर पुष्कळांना ठाऊक असतं आणि लगोलग पुढचं वाक्य येतं, "मधेमधे साबणाच्या जाहिराती लागायच्या ना, म्हणून." हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं समजायला शाळेतले समास आठवा. पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी. गायरान म्हणजे गाईसाठी राखलेलं रान. 'सोप ऑपेरा' हा शब्द बहुतेक जण पुरणपोळीसारखा सोडवतात, म्हणजे साबणाच्या जाहिराती घातलेला ऑपेरा. माझ्या मते तो गायरानाच्या जातीचा आहे: साबणासाठी ऑपेरा. कार्यक्रम आधी आणि जाहिरात मागून, असा तो प्रकार नव्हता. साबण खपवायचा होता म्हणून गोष्ट रचली गेली.

हे सगळं घडलं अमेरिकेत, रेडिओवर. टीव्हीचा त्यात सुरुवातीला काडीचाही संबंध नाही.

२ नोव्हेंबर १९२० रोजी पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रानं अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल हवेतून ऐकवले. केंद्र वेस्टिंगहाऊस कंपनीचं होतं आणि तिला रेडिओचे संच विकायचे होते. ऐकायला काही असेल तरच लोक संच घेणार, एवढा साधा हिशेब. पण संच एकदाच विकला जातो, कार्यक्रम मात्र रोज लागतो. त्याचे पैसे कुणी द्यायचे? ब्रिटननं संचावर परवाना शुल्क लावून हा प्रश्न सोडवला. अमेरिकेनं १९२२ साली वेगळी वाट धरली. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ या केंद्रानं एका बांधकाम कंपनीला पैसे घेऊन वेळ दिला आणि जॅक्सन हाइट्समधल्या नव्या सदनिकांचं गुणगान श्रोत्यांनी ऐकलं. हे केंद्र टेलिफोन कंपनीचं, एटी अँड टीचं होतं. पैसे भरून फोनवर बोलतात तसं पैसे भरून हवेवर बोला, अशी तिची धारणा. त्याच वर्षी वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर यांनी, सेवेची एवढी मोठी शक्यता जाहिरातींच्या बडबडीत बुडवणं कल्पनेपलीकडचं आहे, अशा अर्थाचं विधान केलं होतं. कल्पनेपलीकडचं ते पुढच्या दहा वर्षांत राजरोस झालं.

१९२६ मध्ये एनबीसी आणि १९२७ मध्ये सीबीएस ही देशभरातली केंद्रं तारांनी जोडणारी जाळी उभी राहिली. आता नीट लक्ष द्यायची गोष्ट अशी की ही जाळी मुख्यतः वेळ विकत. त्या वेळात काय वाजवायचं हे पुष्कळदा वेळ विकत घेणारा ठरवी, आणि त्याच्या वतीनं जाहिरात कंपनी लेखक नेमी, नट निवडी, संहिता तपासून घेई. कार्यक्रमांची नावंही तशीच पडत. जॅक बेनी हा विनोदी नट वर्षानुवर्षं जेल-ओ या जेलीच्या नावानं श्रोत्यांसमोर येत असे. ज्या कार्यक्रमाला गिऱ्हाईक नसे तो जाळं स्वतःच्या खर्चानं चालवी. ३० ऑक्टोबर १९३८ ला मंगळवासीयांच्या स्वारीचं नाटक ऐकून काही श्रोते घाबरले, तो ऑर्सन वेल्सचा कार्यक्रम असाच बिनप्रायोजक होता. मधे जाहिराती येत नसल्यानं बातम्यांचा आव आणखीच खरा वाटला. गवगवा झाल्यावर मात्र कॅम्पबेल कंपनीनं तो उचलला. ती सूप विकणारी. सोप आणि सूप, दोन्ही रेडिओवर पोसले गेले.

आता साबणच का? संध्याकाळी सगळं घर रेडिओभोवती बसे, त्यामुळे तो वेळ महाग. दिवसाचा वेळ त्याच्या निम्म्या दरात मिळे, कारण पुरुष कामावर आणि मुलं शाळेत. पण घरात जी बाई होती तीच आठवड्याचा बाजार करणार होती. शिवाय साबण ही मोठी अडचणीची वस्तू. संपतो लवकर, किंमत थोडी, आणि या कंपनीचा नि त्या कंपनीचा यांत धुणाऱ्याला फारसा फरक कळत नाही. अशा मालाला नाव सतत कानावर आदळत राहणं हाच आधार. मंदीच्या वर्षांत इतरांनी जाहिरातीचा हात आखडला, पण सिनसिनाटीची प्रॉक्टर अँड गँबल रेडिओवर पैसे ओतत राहिली. ही कंपनी १८३७ साली एक मेणबत्त्या करणारा आणि एक साबण करणारा, अशा दोघांनी काढलेली. दोघे साडू होते. तिनं आधी दिवसाच्या वेळात पाककृती, डाग काढायच्या युक्त्या असलं काहीबाही देऊन पाहिलं. बायकांना उपदेशापेक्षा गोष्ट हवी आहे हे तिला लवकरच उमगलं. कुणाला नको असते?

गोष्टीचा साचा शिकागोत तयार होत होता. डब्ल्यूजीएन केंद्रावर १९३० मध्ये इर्ना फिलिप्स या पूर्वाश्रमीच्या शिक्षिकेनं 'पेंटेड ड्रीम्स' ही घरगुती मालिका सुरू केली. लिहायचीही तीच आणि त्यातल्या आईचं कामही तीच करायची. दुपारच्या कौटुंबिक मालिकांची पहिली म्हणून बहुधा हिचंच नाव घेतात. मालिकेचे हक्क कुणाचे यावरून पुढे कोर्टकचेरी झाली आणि निकाल केंद्राच्या बाजूनं लागला. बाई शहाणी झाली. नंतरच्या मालिकांची मालकी तिनं आपल्याकडे ठेवायला सुरुवात केली. त्यांपैकी १९३७ साली सुरू झालेली 'द गायडिंग लाइट' प्रॉक्टर अँड गँबलच्या साबणाच्या पैशावर उभी राहिली, १९५२ मध्ये टीव्हीवर गेली आणि २००९ मध्ये थांबली. बहात्तर वर्षं.

दुसरीकडे फ्रँक आणि अ‍ॅन हमर्ट हे जाहिरात क्षेत्रातलं जोडपं. हे मालिकांचा कारखानाच चालवत. कथानकाचा आराखडा दोघं ठरवत, आणि संवाद लिहायला पगारी माणसं ठेवलेली. त्यांच्या 'हेलन ट्रेंट' या मालिकेचा मूळ प्रश्नच असा होता की पस्तिशी ओलांडलेल्या बाईच्या आयुष्यात प्रेम येऊ शकतं का. सत्तावीस वर्षं उत्तर लांबवलं. आपल्याकडच्या लेखकांना उगाच नावं ठेवतो आपण.

पण साबणाचं नाव ज्या मालिकेला अंगभर चिकटलं ती 'मा पर्किन्स', तीही हमर्टांचीच. १९३३ च्या ऑगस्टमध्ये सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यू केंद्रावर सुरू झाली आणि डिसेंबरात एनबीसीवरून देशभर गेली. ऑक्सिडॉल ही प्रॉक्टर अँड गँबलची कपडे धुण्याची पूड. निवेदक मालिकेची ओळखच 'ऑक्सिडॉलची आपली मा पर्किन्स' अशी करून देत असे. षष्ठी विभक्ती उघडउघड, लपवाछपवी नाही. मा ही रशव्हिल सेंटर नावाच्या काल्पनिक गावातली विधवा. नवऱ्यामागे लाकडाची वखार सांभाळणारी, गावाची भांडणं सोडवणारी, तीन मुलांची आई. एक मुलगा लेखकांनी दुसऱ्या महायुद्धात मारला, तेव्हा श्रोत्यांनी नाराजीची पत्रं धाडली. ही म्हातारी साकारणारी व्हर्जिनिया पेन पहिल्या दिवशी तेवीस वर्षांची होती. लोकांसमोर जायची वेळ आली की पांढऱ्या केसांचा टोप आणि चष्मा चढवून जाई.

एक भाग पंधरा मिनिटांचा, आठवड्यातून पाच दिवस. सुरुवातीला ऑर्गनचे सूर, मग निवेदक, पण गोष्टीकडे तो थेट येत नसे. पहिली मिनिटं चादरी किती शुभ्र निघतात यात जात. नंतर कालपर्यंतचा सारांश, दोनेक प्रसंग, पुन्हा पूड, आणि शेवटी टांगता प्रश्न. निव्वळ गोष्टीला दहा-अकरा मिनिटं उरत. नट हातात कागद धरून मायक्रोफोनभोवती उभे असत, पाठांतर नाही. बाजूला ध्वनिपरिणामवाला. कॉर्नफ्लोअरची पिशवी दाबली की बर्फावरची पावलं, सेलोफेन चुरगळला की आग. कथानक मुद्दाम संथ चाले, कारण बाई ऐकता ऐकता इस्त्री करत असणार, चार दिवस चुकलेही असणार. पाचव्या दिवशी रेडिओ लावला तरी धागा सापडला पाहिजे. मालिकांच्या रेंगाळण्यावर आपण तोंडसुख घेतो, त्याचं मूळ हे असं श्रोत्याच्या हातातल्या कामात आहे.

आता ऑपेरा. गाण्याशी याचा संबंध नाही, ऑर्गनशीही नाही. हा शब्द टोमणा म्हणून आला. इंग्रजीत भडक, ठराविक साच्याच्या खेळाला 'ऑपेरा' म्हणून हिणवण्याची रीत आधीपासून होती. काउबॉयपटांना 'हॉर्स ऑपेरा' म्हणत. त्याच चालीवर १९३० च्या दशकाच्या अखेरीस दुपारच्या मालिकांना 'सोप ऑपेरा' हे नाव चिकटलं. शब्द किती झपाट्यानं रुळला याचा चांगला पुरावा १९४१ चा आहे. विल्सन टकर या विज्ञानकथाप्रेमी लेखकानं त्या वर्षी लिहिलं की काउबॉयपटांना हॉर्स ऑपेरा म्हणतात, सकाळच्या रडक्या मालिकांना सोप ऑपेरा म्हणतात, तर मग अंतराळयानांच्या घिशापिट्या गोष्टींना 'स्पेस ऑपेरा' म्हणू या. म्हणजे तोवर 'सोप ऑपेरा' समजावून सांगावा लागत नव्हता. आणि समासाकडे पुन्हा एकदा पाहा. हॉर्स ऑपेरात घोडे असतात, स्पेस ऑपेरात अंतराळ असतं, दोन्ही पुरणपोळ्या. सोप ऑपेराच्या कथेत साबण कुठेच नसतो. तिघांत वेगळा पडलेला हा एकटाच, आणि टोमण्याची खरी धार त्यातच आहे.

गंमत म्हणजे खराखुरा ऑपेराही त्याच हवेत होता. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग १९३१ च्या नाताळापासून रेडिओवर येऊ लागले आणि १९४० पासून त्यांचा खर्च टेक्सेको ही तेल कंपनी उचलू लागली. त्याला कुणी 'ऑइल ऑपेरा' म्हटलं नाही. पैसा दोन्हीकडे कंपनीचाच, फक्त एकीकडे श्रोते प्रतिष्ठित आणि दुसरीकडे घरकाम करणाऱ्या बायका. 'सोप ऑपेरा' या शब्दातला तुच्छतेचा दर्प मला तिथूनच येतो. १९४२ मध्ये लुई बर्ग नावाच्या न्यूयॉर्कच्या मनोविकारतज्ज्ञानं या मालिका ऐकून बायकांची प्रकृती बिघडते असं जाहीर केलं. पुरावा म्हणून त्यानं मालिका ऐकताना मोजलेला स्वतःचा रक्तदाब आणि नाडी! त्याच काळात हेर्टा हेर्झोग या संशोधिकेनं खऱ्या श्रोत्या गाठून विचारलं, तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणींनी सांगितलं की अडचणीत कसं वागावं हे मालिकांतून कळतं. साधी गोष्ट होती, विचारायला हवं होतं इतकंच.

१९४० च्या सुमारास अशा साठाच्या वर मालिका रोज वाजत होत्या. पुढे टीव्ही आला, जाहिरातदार तिकडे वळले आणि गोष्टींनीही बिऱ्हाड हलवलं. सीबीएसनं रेडिओवरच्या शेवटच्या चार मालिका २५ नोव्हेंबर १९६० रोजी एकदमच बंद केल्या. त्यांत 'मा पर्किन्स' होती. त्या दिवशीचा भाग ७०६५ वा, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मा एकच, व्हर्जिनिया पेन. साबण कंपनीची मालकी मात्र टीव्हीवरही सुटली नाही. प्रॉक्टर अँड गँबलची स्वतःची निर्मिती असलेली अखेरची सोप २०१० मध्ये संपली.

आपल्याकडे रेडिओ तेव्हा सरकारी, त्यामुळे ही साखळी जुळलीच नाही. मुंबई आकाशवाणीवरचं 'पुन्हा प्रपंच' आठवा: प्रभाकरपंत, मीनावहिनी, टेकाडे भावोजी. घरगुती गोष्ट होती, हुकमी श्रोते होते, पण कुणाचा साबण विकायचा नव्हता. आकाशवाणीवर जाहिराती आल्या त्या १९६७ मध्ये, विविध भारतीच्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवर. त्यामुळे तत्त्वतः 'पुन्हा प्रपंच'ला सोप म्हणता येणार नाही, मालिका म्हणता येईल. आज आपण 'सोप' म्हणतो ते प्रकारावरून, पैसे कुणाचे यावरून नव्हे.

'डेली' हे शेपूट, माझ्या समजुतीप्रमाणे, आपलं. अमेरिकेत सोप रोजचीच असायची, वेगळं सांगायची गरज नव्हती. दूरदर्शनच्या मालिका सहसा आठवड्यातून एकदा येत, म्हणून १९९४ मध्ये 'शांती' आणि तिच्यामागून आलेल्या रोजच्या मालिकांसाठी आपल्याला फरक दाखवावा लागला. आता सगळ्याच रोज असल्या तरी 'डेली' राहिलं ते राहिलं.

राहता राहिलं लिंग. साबण पुल्लिंगी म्हणून 'तो सोप' व्हायला हवा, असा तर्क लावता येतो. पण परक्या शब्दाचं लिंग मराठीत बरेचदा त्याच अर्थाच्या आपल्या शब्दावरून ठरतं. इथे मालिका स्त्रीलिंगी, सिरियलही स्त्रीलिंगीच बोलली जाते. 'कालची डेली सोप चुकली' हे माझ्या कानाला बरोबर लागतं, 'कालचा डेली सोप' म्हटलं की न्हाणीघर आठवतं. लिहिताना मात्र मी 'मालिका' लिहीन, आणि 'सोप ऑपेरा' हा शब्द जिथे अमेरिकी रेडिओची नि टीव्हीची ती साबणवाली परंपरा अभिप्रेत आहे तिथेच ठेवीन.