मोठ्या शिकारीसाठी पहिले रिव्हॉल्व्हर
वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार आपल्याकडे शिकारीला बंदी आहे. परंतु पुण्यात बालेवाडीला पिस्तूल नेमबाजी शिकून आपण आता अमेरिकेत स्थायिक झाला आहात आणि तेथे परवान्यासह एल्कच्या (सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या) शिकारीला जाऊ इच्छिता, म्हणून मी .44 मॅग्नम काडतुसाचे रिव्हॉल्व्हर सुचवीन. 1955 पासून प्रचलित असलेल्या या काडतुसाचा, गोळी झाडताना हाताला बसणारा धक्का सरावाने पेलता येतो, शिवाय त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये सौम्य .44 स्पेशल काडतूसही चालते. सुरुवात त्यानेच करावी. थेट त्याहून जोरदार .454 कॅसुल घेण्याचा मोह (दुकानात तो हमखास होतो) टाळावा, कारण धक्क्याच्या धास्तीने गोळी सुटण्याआधीच मनगट आखडते. स्वसंरक्षणाच्या, लागताच चटकन फुलणाऱ्या (पसरणाऱ्या) गोळ्याही नकोत. त्या पुरेशा खोल जात नाहीत. 50 मीटरपलीकडे गोळी झाडू नये. रिव्हॉल्व्हरवर बसवायच्या दुर्बिणीचा विचार तूर्त नको.