घरखर्चाचे प्रश्न : अकरा माणसे आणि एक स्वयंपाकघर

प्रश्न : आम्ही कळव्यात एकाच मजल्यावरील लागून असलेल्या दोन सदनिकांत राहतो आणि स्वयंपाक एकत्र करतो. सासू-सासरे, थोरले दीर, जाऊबाई व त्यांची दोन मुले, आम्ही दोघे व आमची दोन मुले आणि अविवाहित धाकटे दीर अशी अकरा माणसे आहोत. थोरल्या दिरांच्या हाती ३८,०००, माझ्या यजमानांच्या ४५,०००, माझ्या २२,००० आणि धाकट्या दिरांच्या १८,००० रुपये येतात. सासऱ्यांचे निवृत्तिवेतन १२,००० आहे. जाऊबाई नोकरी करीत नाहीत. आजवर ज्याला जसे जमेल तसे पैसे तो सासूबाईंकडे देतो, किराणा कोणीही आणतो आणि वीस तारखेनंतर दर महिन्याला ओढाताण सुरू होते. खर्च माणशी सारखा वाटून घ्यावा असे मी सुचवले, तेव्हापासून घरात अबोला आहे. माझे काय चुकले?
– एक वाचक, कळवा

उत्तर : खर्चाची वाटणी ठरवून घ्यावी हा आपला आग्रह रास्त आहे, माणशी हिशेब मात्र मला पटलेला नाही. किराणा, दूध, भाजी, गॅस, वीज, सोसायटीची देखभाल आणि वडीलधाऱ्यांची औषधे मिळून आपल्या घराचा सामाईक खर्च महिना ५४,००० रुपये धरू. (आपण आकडा कळवलेला नाही, बहुधा तो घरात कोणालाच ठाऊक नसावा.) माणशी वाटणीत प्रत्येकी सुमारे ४,९०९ रुपये येतात, आणि थोरल्या दिरांना चौघांचे १९,६३६ रुपये, म्हणजे स्वतःच्या मिळकतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम द्यावी लागते. आपणही चौघेच असल्याने आपल्याला तेवढेच द्यावे लागतील, पण ते आपणा उभयतांच्या ६७,००० रुपयांतून जातील, म्हणजे तीस टक्क्यांच्या आतच. आपली सूचना ऐकताना थोरल्या दिरांनी हा हिशेब मनातल्या मनात केला असणार.

त्याऐवजी वर्गणी मिळकतीच्या प्रमाणात ठेवावी. घरात एकूण १,३५,००० रुपये येतात आणि ५४,००० हे त्याचे चाळीस टक्के होतात. प्रत्येकाने चाळीस टक्के दिले, तर थोरल्या दिरांचे १५,२००, आपल्या यजमानांचे १८,०००, आपले ८,८००, धाकट्या दिरांचे ७,२०० आणि सासऱ्यांचे ४,८०० रुपये होतात. सासऱ्यांकडून पैसे घेणे काहींना प्रशस्त वाटणार नाही, पण खर्चात ज्याचा वाटा असतो त्याच्या शब्दालाही घरात वजन राहते, असे माझे मत आहे.

या पद्धतीने आपणा दोघांचे २६,८०० रुपये जातील, म्हणजे माणशी हिशेबापेक्षा सुमारे सात हजार अधिक, आणि ते आपल्याला टोचेल याची मला कल्पना आहे. परंतु आपण सकाळी डबा घेऊन लोकल पकडता, तेव्हा अकरा जणांचा स्वयंपाक, चार मुलांच्या शाळेच्या वेळा आणि सासऱ्यांचा दवाखाना जाऊबाई सांभाळतात, असे मी समजतो. अकरा माणसांच्या पोळ्या-भाजीला बाई काय घेईल आणि दोन मुलांचे पाळणाघर काय घेईल, हे आपल्याच इमारतीत विचारून पाहावे. ते सात हजारांत बसले, तर मला जरूर कळवावे. एवढेच नव्हे, तर सामाईक पैशांतून जाऊबाईंना दरमहा काही ठरावीक रक्कम हातखर्चाला मिळावी आणि तिचा हिशेब कोणी विचारू नये. प्रत्येक साडीसाठी वा माहेरच्या आहेरासाठी नवऱ्यापुढे हात पसरावा लागत असेल, तर त्या घरातील काटकसर एकट्या बाईच्या वाट्याला आलेली असते.

वर्गणी दिल्यानंतर उरणारा पैसा ज्याचा त्याचा राहील, हेही तितक्याच स्पष्टपणे ठरवावे. धाकटे दीर मोबाइलचा हप्ता भरतात की मित्रांबरोबर जेवायला जातात, ही चर्चा घराने करू नये. मात्र ‘दहा मिनिटांत घरपोच’ मागवलेली कोथिंबीर आणि दही सामाईक खर्चात धरायचे नाही, असा नियम केला की त्या मागण्या आपोआप कमी होतात.

ओढाताण वीस तारखेला सुरू होते, याची मला दोन कारणे दिसतात. किराणा कोणीही आणत असल्याने वस्तू दुहेरी येतात. फडताळ उघडून पाहिलेत, तर जिऱ्याची तीन फोडलेली पाकिटे आणि हिंगाच्या दोन डब्या सापडतील. यादी एकाने करावी, आणि ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून असो वा कळव्याच्या बाजारातून असो, सामान महिन्यातून एकदाच आणावे. दूध-भाजीचे पैसे चार आठवड्यांच्या चार पाकिटांत घालून सासूबाईंकडे ठेवावेत आणि खर्च फ्रिजवर ठेवलेल्या वहीत त्याच दिवशी लिहावा. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. जूनमधील फी व वह्या-पुस्तके, गणपती, विम्याचे हप्ते हे वर्षातून एकदा येणारे खर्च महिन्याच्या पैशांतून भागवले जातात. ते वर्षाला ६०,००० रुपये होत असतील, तर दरमहा ५,००० रुपये वर्गणीतच धरून वेगळे टाकले पाहिजेत. टपाल कार्यालयाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते, त्यामुळे या कामासाठी बँकेची बारा महिन्यांची आवर्ती ठेव सोयीची पडते.

सासू-सासऱ्यांनी सत्तरी ओलांडली असल्यास त्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्यावे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील सर्वांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण मिळते; पतिपत्नी दोघेही पात्र असतील, तर ही रक्कम दोघांत मिळून असते.

प्रश्न : आम्ही नऊ जण कोपरखैरण्यात राहतो. मागच्या मे महिन्यात तुर्भ्याच्या दाणा मार्केटमधून वर्षाचा गहू, तूरडाळ आणि शेंगदाणे भरले. पावसाळ्यात डाळीला कीड लागली, शेंगदाणे खवट झाले. वर्षाची बेगमी केल्याशिवाय मोठे घर चालत नाही, असे सासूबाई म्हणतात. घाऊक खरेदी खरोखर स्वस्त पडते का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : काही वस्तूंच्या बाबतीत पडते. सासूबाईंच्या पद्धतीत चूक नाही. पण ती माळा, कणगी आणि वाळवणाचे अंगण असलेल्या घरात घडलेली पद्धत आहे, आणि खाडीकाठच्या दमट हवेतील सदनिकेत ती जशीच्या तशी चालत नाही. आपल्याला महिन्याला २० किलो गहू लागतो असे धरले, तर वर्षाचा गहू २४० किलो होतो. किलोमागे ४ रुपये वाचले, तरी ९६० रुपयेच वाचतात, आणि त्यातून टेम्पो व हमाली वजा जाते. शिवाय पाच गोण्या एका खोलीचा कोपरा वर्षभर अडवून ठेवतात. त्यापेक्षा पावसाळ्याच्या चार महिन्यांचा ८० किलो गहू मेमध्ये भरावा, आणि गोणीचा भाव हवा असेल तर शेजारच्या एक-दोन घरांबरोबर गोणी वाटून घ्यावी.

डाळ भरायचीच असेल, तर ती कडक उन्हात वाळवून, पूर्ण निवल्यावरच एरंडेलाचा हात लावून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. गरम डाळ तशीच डब्यात बंद केली की आतल्या आत ओल धरते, आणि किडीला तेवढे पुरते. तांदूळ नवा घेऊन साठवण्यापेक्षा जुनाच घ्यावा. तो मोकळा शिजतो आणि फुगतोही अधिक, त्यामुळे मोठ्या घराला पुरवठ्याचा होतो. शेंगदाणे, रवा, बेसन महिन्याचेच आणावेत. वर्षभराचा म्हणून करावा तो मसाला. मिरची आणि धणे उन्हाळ्यात चांगले वाळवून डंकावर कुटून आणावेत आणि बरणीत हिंगाचे खडे घालून ठेवावेत. तयार पाकिटांच्या तुलनेत नऊ माणसांच्या घरात यात खरोखरच पैसे वाचतात.

तेलाचा डबा घेताना मात्र भाव विचारण्याआधी माप पाहावे. काही डबे १५ किलोचे असतात आणि काही १५ लिटरचे; तेल पाण्याहून हलके असल्याने १५ लिटर तेलाचे वजन पावणेचौदा किलोंच्या आतच भरते. दोन डब्यांच्या किमतीत शंभर रुपयांचा फरक दिसला, तरी स्वस्त वाटणारा डबा महाग असू शकतो. बंद पाकिटांवर छापलेली एकक किंमत, म्हणजे किलोमागे वा लिटरमागे पडणारा भाव, याच कामासाठी आहे, पण अक्षर इतके बारीक असते की सासूबाईंनी चष्मा बरोबर न्यावा.

प्रश्न : आमच्या सात जणांच्या घरात महिन्याला ३४० युनिट वीज जळते. ३०० च्या वर गेले की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, म्हणून मुले रात्री पंखे बंद करायला सांगतात. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : हा गैरसमज सर्वत्र आढळतो. महावितरणच्या घरगुती दरात १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे आहेत, परंतु वरचा दर त्या टप्प्यातील युनिटांनाच लागतो. आपल्या बाबतीत तो ४० युनिटांपुरताच आहे. उकाड्यात आजी-आजोबांचा पंखा बंद करण्याइतके त्यात काही नाही.

तरीही ती ४० युनिटे कमी करता येतील. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट वीज घेतो, तर बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटरचा) पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज १२ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिटे वाचतात, म्हणजे तीन पंखे बदलले की आपण ३०० च्या आत येता. तिन्ही एकदम घेण्याची गरज नाही. ज्या खोलीत पंखा दिवसाही फिरत असतो, त्या खोलीपासून सुरुवात करावी.